इंदुमावशींचे केस

इंदुमावशी कुणाच्याही घरात शिरल्या की आधी माणसांकडे बघत नसत, नळाकडे बघत. थेट सिंकपाशी जायचं, नळाच्या तोंडावरून अंगठा फिरवायचा, अंगठ्याला लागलेली पांढरी पूड डोळ्यांसमोर धरायची आणि मगच घरातल्या बाईला विचारायचं, बरी आहेस का म्हणून. मी चिखलीतल्या आमच्या सोसायटीत राहायला आले त्या पहिल्याच दिवशी, सामानाचे खोके अजून दोरीनं बांधलेले असताना, साठीच्या एका अनोळखी बाईंनी येऊन माझ्या नळावरून असा अंगठा फिरवला. मी सातारची. आमच्याकडे नव्या शेजारणीला आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग हळूहळू बाकीचं. ह्यांनी विचारलं, "केस किती गळत्यात तुजे?"

मी म्हटलं, गळत नाहीत. "गळत्याल," एवढं बोलून त्या समोरच्या आपल्या फ्लॅटमध्ये निघून गेल्या. मी दारात तशीच उभी. पाच मिनिटांत त्या परत आल्या त्या वाटीभर लिंबाच्या पिळलेल्या साली घेऊन. ह्या सालींनी नळ घासायचा. भांडी धुतल्या धुतल्या पुसायची, निथळत ठेवायची नाहीत, नाहीतर थेंब वाळून स्टीलवर पांढरे डाग पडतात ते जन्मात निघत नाहीत. तूरडाळ आधी भिजत घातल्याशिवाय कुकरला लावायची नाही. आणि पांढरी साडी असेल तर ती बहिणीला देऊन टाकायची. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. माझं नाव त्यांनी तेव्हा विचारलंच नाही. पुढेही त्या मला नेहमी 'सातारकर'च म्हणत आल्या.

आमच्या इमारतीत दोन पाणी. पिण्याचं वेगळं, ते मोजकं यायचं आणि हंड्यात भरून ठेवायचं. बाकी आंघोळ, धुणीभांडी, सगळं बोअरचं. दिसायला नितळ, पण जड. साबण लावला तर फेस होण्याऐवजी चिकट साय धरायची. गिझर वर्षभरात आतून दगड झालेला निघायचा. शॉवरच्या भोकांतून पाणी सरळ खाली न येता भिंतीवर, छतावर, खिडकीवर उडायचं. मावशी साडीची पिन काढून एकेक भोक मोकळं करून द्यायच्या, आणि ते करताना त्या घरातल्या नवराबायकोचं कसं चाललंय त्याचीही चौकशी व्हायची. त्यांना कुणी कधी आत बोलावलं आणि कधी बाहेर काढलं, असं काही नव्हतंच.

मावशी, म्हणजे इंदू साळवे, मूळच्या मावळातल्या. लग्न होऊन पिंपरीत कामगारांच्या चाळीत आल्या. नवरा मशीनशॉपमध्ये होता. तो गेला, मुलगा प्रवीण मोठा झाला, चाकणला कंपनीत लागला आणि त्यानं चिखलीत हा फ्लॅट घेतला. घरात शिरताच समोर बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे रोज ताजी फुलं, आणि बाजूला पिण्याच्या पाण्याचा माठ. दारात कुणीही आलं, कुरिअरवाला असो की कचरा नेणारी असो, की चुकून बेल वाजवलेला माणूस असो, मावशी त्याच्या हातात आधी पाणी द्यायच्या आणि काम नंतर विचारायच्या. घरी प्यायच्या पाण्याची एवढी ओढाताण असताना हे कशाला, असं मी एकदा म्हटलं. त्यावर त्या चिडल्याच. "पाणी न्हाई म्हनायचं आमच्यात शिकवलेलं न्हाई," म्हणाल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी अंड्याची आमटी घेऊन आल्या.

आणि त्यांचे केस. साठी उलटलेल्या बाईचे असे केस मी पाहिले नव्हते. करडे, जाड, कमरेच्या खाली जाणारे. रविवारी नाहून त्या लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये पाट टाकून केस वाळवत बसायच्या. लिफ्टमधून उतरणाऱ्या बायका थबकायच्या. कारण बाकी सगळ्यांचे केस ह्या पाण्यानं झाडूसारखे राठ झालेले, आणि निम्म्याहून अधिक न्हाणीघराच्या जाळीत अडकलेले. मावशींचं गुपित साधं होतं. शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे. पण त्या ते कुणाला सांगायच्या नाहीत, कारण सगळ्यांनी तसं केलं असतं तर प्यायला काही उरलं नसतं. मला सांगितलं, तेही शपथ घालून.

त्यांचं धाडस बघायचं तर तेलवाल्या बाईंचा किस्सा सांगायला हवा. सोसायटीच्या हॉलमध्ये एका कंपनीची बाई केस वाढवायच्या तेलाचं प्रात्यक्षिक द्यायला आली होती. गोड बोलणारी, मोकळ्या चमकत्या केसांची. तिनं तासभर आम्हाला केसांची मुळं, त्यांची ताकद, वातावरण वगैरे समजावलं. मावशी मागे बसून ऐकत होत्या. मध्येच उठून गेल्या आणि बोअरच्या पाण्याची भरलेली बादली घेऊन आल्या. ती त्या बाईपुढे ठेवून अगदी शांतपणे म्हणाल्या की ताई, तुम्ही महिनाभर ह्यानं डोकं धुवा, मग येऊन हेच सांगा, आमी समद्या जणी घिऊ. त्या बाईनं आपल्या बाटल्या आवरल्या. मला तर कुठे तोंड लपवावं कळेना. मावशी मात्र जाताना तिच्या पिशवीत दोन केळी घालून आल्या, लांबून आली असेल म्हणून.

ह्या पाण्यावर उपाय नव्हता असं नाही. पाणी मऊ करणारा प्लँट बसवता येत होता. सोसायटीत सगळ्यांना तो हवा होता, पैशाचीही कुणाची ना नव्हती. अडलं होतं ते जागेवर. टाकीजवळ प्लँट बसवायचा तर एक पार्किंग जात होतं, आणि ते होतं चव्हाणांचं. चव्हाण म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे, भोसरीत वर्कशॉप असलेले, गाडीला रोज फडक्यानं पुसणारे गृहस्थ. ते म्हणत, प्लँट बसवा की, पण जागा माझीच का? गाडी काय डोक्यावर घेऊन झोपू? बाकीचेही सगळे चव्हाणांना समजावत, पण बदल्यात आपली जागा द्यायला एकही तयार नव्हता. असं दोन वर्षं चाललं. दर मीटिंगला विषय निघायचा आणि चहा आला की बुडायचा.

मग प्रवीणच्या बायकोला, स्नेहलला, मुलगी झाली. यशोधरा, लाडानं यशू. बाळंतपण सांगवीला माहेरी झालं. तिसऱ्या महिन्यात स्नेहल बाळाला घेऊन चिखलीला आली तेव्हा मावशींनी उंबरठ्यापासून पाळण्यापर्यंत फुलं टाकली होती. पण पंधरा दिवसांत बाळाचं अंग लाल झालं. मग गुडघ्यामागे, मानेच्या वळीत भेगा पडल्या. पोर आंघोळीला घेतली की किंचाळायची. तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत ऐकू यायचं. मावशींनी पिण्याच्या पाण्यानं न्हाऊ घालून बघितलं, पण बाळाचे कपडे, दुपटी त्या बोअरच्याच पाण्यात धुतलेली, वाळली की पापडासारखी कडक. डॉक्टर म्हणाले, बाळाची कातडी नाजूक, हे पाणी तिला सोसत नाही. स्नेहलनं बॅग भरली. भांडण नाही, आदळआपट नाही. दारात उभं राहून ती सासूला म्हणाली, "आई, पाण्याचं झालं की मी त्याच दिवशी येते. पण पोरीचं अंग असं सोलून मी इथं राहू शकत नाही."

तिचं काही चुकलं नव्हतं, आणि मावशी तिला काही बोलल्याही नाहीत. पण त्यानंतर त्यांचं घर बघवेना. प्रवीणची शिफ्ट संपली की तो चाकणहून परस्पर सांगवीला जायचा, तिथंच झोपायचा. हळूहळू त्याचे कपडेही तिकडे गेले. रिकाम्या पाळण्याला मावशी येताजाता झोका द्यायच्या. मला म्हणाल्या, पोरगी चालायला लागायच्या आत ह्या घरात आली पाहिजे. एकदा का तिला ते घर आपलं वाटाय लागलं, की मग मी पावणी. इंदुमावशींनी आयुष्यात एवढंच एक मागितलेलं मी ऐकलं.

त्याच सुमारास त्या डोक्याला रुमाल बांधायला लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, गळत्यात. मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. आमच्या इमारतीत कुणाचे केस गळले म्हणून कोण आश्चर्य करणार? लिफ्टमध्ये बायका दोन मजल्यांत केसांचीच ख्यालीखुशाली विचारायच्या. मावशी थोड्या उतरल्यासारख्या दिसत होत्या, पण नात दुरावलेली, मुलगा लांब, जेवणाची आबाळ. कारणं तयारच होती. मध्ये मध्ये दोन-तीन दिवस दिघीला बहिणीकडे राहायला जायच्या. एकटीला घर खायला उठतं म्हणायच्या, तेही पटायचं.

मग ती मीटिंग झाली. नेहमीप्रमाणे पाण्याचा विषय, नेहमीप्रमाणे पार्किंग. चव्हाण पुन्हा आपल्या गाडीच्या मुद्द्यावर आले, सेक्रेटरी घड्याळाकडे बघायला लागले. मावशी उठल्या. टेबलापाशी गेल्या, रुमालाची गाठ सोडली आणि रुमाल टेबलावर ठेवला.

डोक्यावर एकही केस नव्हता.

म्हातारी बाई, विधवा, आणि असं तुळतुळीत डोकं. आपल्याकडे त्या दृश्याला काय काय चिकटलेलं आहे ते सगळं त्या हॉलमधल्या प्रत्येकाच्या अंगावर आलं. कुणीतरी बाई रडायला लागली. मावशींनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "माझं वय झालं. माझे गेले तर गेले. पण तुमच्या पोरींची लग्नं व्हायची हायेत. बघा काय करायचं ते."

चव्हाणांच्या दोन्ही मुली तिथंच बसल्या होत्या. चव्हाण उठले, मावशींपाशी आले, तो रुमाल उचलून त्यांच्या हातात दिला आणि सेक्रेटरींना म्हणाले, "उद्या गाडी हलवतो. लिहून घ्या राव." दोन वर्षं अडलेलं काम पाच मिनिटांत सुटलं. मला तर मावशींचे पाय धरावेसे वाटले.

पुढच्याच आठवड्यात आमच्या ऑफिसातल्या एका मुलीच्या आईला पुण्यात मोठ्या सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं, म्हणून मी भेटायला गेले. वॉर्ड सापडेना. चुकून एका लांबट खोलीत शिरले. भिंतीकडेनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक माणूस, प्रत्येकाच्या हाताला सलाईनची नळी. आणि बहुतेकांची डोकी इंदुमावशींसारखी. तिसऱ्या खुर्चीत इंदुमावशी होत्या. शेजारी त्यांची दिघीची बहीण स्वेटर विणत बसली होती.

मला कळायला वेळ लागला नाही. तरी मी मूर्खासारखी दारात उभीच. त्यांनी चष्मा काढून ठेवला होता. त्यांच्या भुवयाही गेलेल्या होत्या. जाड फ्रेमच्या चष्म्याआड ते आम्हा कुणाला दिसलं नव्हतं. पाण्यानं भुवया जात नाहीत. पाण्यानं सगळं डोकं असं लख्ख होत नाही. हे कळायला काही शिक्षण लागत नाही, पण त्या हॉलमध्ये पन्नास माणसं होती आणि एकाच्याही मनात आलं नव्हतं.

मावशींनी मला पाहिलं आणि विचारलं, "जेवलीस का?" मी मान हलवली, हो की नाही ते आठवत नाही. मग त्यांनी विचारलं की प्लँटवाला जागा बघून गेला का. मी तिथंच, त्या खोलीत, रडायला लागले. त्यांनी मोकळ्या हातानं मला खुर्चीच्या हातावर बसवलं.

"खरं सांगू का सातारकर," त्या म्हणाल्या, "केस जायला लागले तवा मला लई भ्या वाटलं. लोकं इचारत्याल, मग प्रवीणला कळंल, काय सांगायचं? पण पैल्याच दिवशी चव्हाणीण लिफ्टमधी भेटली, तीच म्हनली, पाण्यानं गेले व्हय वो? मी म्हनलं, व्हय. मग जो भेटंल तो त्येच. कुणाला काय सांगावंच लागलं न्हाई."

"आणि मीटिंगमध्ये?" मी विचारलं.

"मग म्हनलं, एवढे चांगले केस फुकट कशाला घालवायचे."

असं म्हणून त्या हसल्या, आणि बहीणही विणता विणता हसली. मला तो विनोद आजही पचलेला नाही. परतताना बसमध्ये मी बाहेर बघत होते आणि मला नुसता राग येत होता. त्यांचा, आमचा, त्या बोअरचा, सगळ्यांचा. मीही रोज समोरच्या दारात राहणारी, त्यांच्या हातची आमटी खाणारी, पण तो रुमाल बघून मीही पाण्यालाच बोल लावला होता. आमच्या त्या कोपऱ्यात माणसाच्या डोक्यावरचे केस जाणं इतकं रोजचं झालं होतं की त्याआड एक अख्खी बाई मरायला टेकली तरी कुणाला दिसली नाही.

बहिणीनं मला बाहेर येऊन सांगितलं होतं की आजार पसरलेला आहे, ही औषधं बरं करायची नाहीत, फक्त लांबवायची. मी मावशींना सांगितलं की प्रवीणला तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते, ह्यात माझा नाइलाज आहे. त्या आठ दिवस माझ्यावर फुरंगटून होत्या. पण त्यांनी सांगितलं. त्या संध्याकाळी प्रवीण माझ्या दारात येऊन उभा राहिला, कंपनीचा युनिफॉर्म अंगावर, पाणी मागितलं, प्यायला आणि गेला. स्नेहलला मात्र त्यानं सांगायचं नाही, अशी आईनं त्याला बाळाची शपथ घातली होती. अंगावर पाजणारी आहे, दूध आटेल, असं मावशींचं म्हणणं.

प्लँट बसला. पहिल्या दिवशी अख्ख्या इमारतीनं उगाचच हात धुतले. साबणाला फेस येत होता. चव्हाण स्वतःच्या गेलेल्या पार्किंगपाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला प्लँट दाखवत होते. स्नेहल शब्दाला जागली, त्याच दिवशी संध्याकाळी यशूला घेऊन आली. मावशींनी नातीला स्वतः न्हाऊ घातलं. पायांवर आडवी घेऊन, डाळीच्या पिठानं चोळून, तांब्यानं पाणी सोडत. पोर किंचाळली नाही. पायांवर पडल्या पडल्या आजीच्या तोंडाकडे बघत राहिली. मावशी बाहेर आल्या तेव्हा घामानं डबडबल्या होत्या आणि भिंतीला टेकून बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत. आम्ही समजलो दमल्या. आम्ही म्हणजे बाकीच्या. प्रवीणनं आणि मी एकमेकांकडे बघितलं नाही.

सगळं इथंच संपायला हवं होतं. पण मावशींच्या डोक्यावर आता सगळ्या सोसायटीचा डोळा होता. ते डोकं म्हणजे पुरावा झालं होतं. महिना गेला, दीड महिना गेला. बायका म्हणायच्या, माझे गळायचे थांबले, तुमचे? मावशी रुमाल जरा मागे सारून दाखवायच्या. काहीच नाही. मग कुजबुज सुरू झाली. प्लँट नीट नाही. फेस येतो पण आतलं विष तसंच आहे. सेक्रेटरी म्हणाले, पाण्यात अजून काहीतरी असणार, नाहीतर साळवेबाईंचे केस का येत नाहीत? चव्हाणांनी लगेच आपल्या जागेची आठवण करून दिली.

आणि स्नेहल घाबरली. तिनं पुन्हा बाळाची मान, गुडघे तपासायला सुरुवात केली. एवढासा लाल ठिपका दिसला की रडवेली व्हायची. एक दिवस माझ्यासमोरच सासूला म्हणाली, "आई, तुमच्या डोक्यावर साधी लव नाही. तुम्ही मोठ्या माणूस, तुमचं हे, तर हिचं आतून काय होत असेल? तुमचे केस येईपर्यंत मी हिला सांगवीलाच ठेवते."

मावशी म्हणाल्या, "येत्याल गं. जरा कळ काढ."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. नळाला हात न लावता थेट खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, मी डॉक्टरला सांगून आले, आता पुरे. औषधं बंद. मी काही बोलायच्या आत त्यांनीच पुढचं सांगितलं. औषध थांबलं की केस परत येतात. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं. मी भांडले. प्रवीण त्यांच्या पायाशी बसून भांडला, लहान पोरासारखा. डॉक्टरांनीही समजावलं होतं म्हणे, की औषधानं थोडे दिवस तरी जास्त मिळतील. त्यावर ह्या बाईनं त्यांना विचारलं होतं की ते थोडे दिवस नात कुठं असेल. डॉक्टर बिचारे काय सांगणार? त्यांना चिखली कुठे आहे हे तरी ठाऊक असेल का?

"हे बघ," मावशी मला म्हणाल्या, "टकलीनं जास्त जगले, तर रिकामा पाळणा बघत जगायचं. त्यापरीस हे बरं. तू आता बोलू नगंस."

स्वतःचा जीव असा तांब्यातल्या पाण्यासारखा ओतून देणारं माणूस समोर बसलेलं असताना आपण काय बोलायचं असतं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

आणि केस आले. आधी लव, मग बोटभर. पूर्वीसारखे सरळ, जाड नाहीत. मऊ, काळसर, आणि चक्क कुरळे. इमारतीत आनंदीआनंद झाला. चव्हाणवहिनींनी पेढे वाटले. सेक्रेटरी प्लँटसमोर उभं राहून पाहुण्यांना मावशींचं उदाहरण द्यायला लागले. बायका लिफ्टमध्ये मावशींच्या डोक्यावरून हात फिरवायच्या, म्हणायच्या, बघा, म्हातारपणी कुरळे केस, केवढं चांगलं पाणी आहे. स्नेहलची भरलेली बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेली. यशू घरभर रांगायला लागली, मावशींच्या अंगावर चढून ते कुरळे केस मुठीत धरून ओढायला लागली. जितके केस वाढत होते तितक्या मावशी बारीक होत होत्या. पण बघणाऱ्यांचं लक्ष वर असायचं.

यशूला अकरावा महिना लागला तेव्हा तिचं जावळ काढायचं ठरलं. मावशी म्हणाल्या, धर्माबिर्माचं त्यात काय न्हाई, उन्हाळ्याचं पोरीला बरं वाटंल. सांगवीहून मामा आला, भाचीला मांडीवर घेऊन बसला. सगळा मजला मावशींच्या हॉलमध्ये जमला होता. नाभिकानं हलक्या हातानं वस्तरा फिरवला, पोर थोडी रडली, थोडी हसली. केस पडले ते स्नेहलनं ताटलीत घेतले. मग मावशींनी नातीला उचललं. त्यांना ती पेलत नव्हती, म्हणून प्रवीणनं मागून दोघींना धरलं. तशाच त्या मोरीत गेल्या, पाटावर बसल्या आणि तिच्या उघड्या डोक्यावर त्यांनी हातानं हळूहळू पाणी सोडलं, साबण लावला. पांढराशुभ्र फेस झाला. पोर टाळ्या वाजवत होती.

दारात आम्ही सगळ्या दाटीवाटीनं उभ्या होतो. चव्हाणवहिनी म्हणाल्या, आजीला केस आले आणि नातीचे गेले, आता नीट बघून घ्या कोण कोणासारखं दिसतं ते. सगळ्या हसल्या. स्नेहल टॉवेल घेऊन खाली बसली. तिनं एक हात लेकीच्या गुळगुळीत डोक्यावर ठेवला, दुसरा सासूच्या कुरळ्या केसांवर. इतकी सुखी मी तिला कधी पाहिली नव्हती.

"आई," ती म्हणाली, "आता दोघींचे बरोबरच वाढतील."

मावशी म्हणाल्या, "व्हय की." आणि नातीच्या कानामागचा साबण धुवायला लागल्या. प्रवीण मागच्या मागे उठून गॅलरीत गेला.